कुलूपबंद वर्कशॉप आणि बागेवरचं कर्ज

पत्राचा गोषवारा : वाचक वीस वर्षांची. घर काटोलजवळ, शिक्षण नागपुरातल्या एका विद्यापीठात, प्रॉडक्ट डिझाइनचं दुसरं वर्ष. ती लिहिते : 'माहितीपुस्तिकेत लेसर कटर, तीन थ्रीडी प्रिंटर, लाकूडकाम आणि धातूकामाचं वर्कशॉप, मॉडेल बनवायचा स्टुडिओ, असे सगळे फोटो होते. प्रत्यक्षात वर्कशॉप सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उघडं असतं आणि नेमक्या त्याच वेळात आमची लेक्चर्स असतात. इन्स्ट्रक्टर काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, म्हणून मशीनला हात लावायची परवानगी नाही. लेसर कटरवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. तपासणीला समिती आली त्या दिवशी तेवढं ते काढलं, आम्हाला गॉगल घालून भोवती उभं केलं, फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिक परत चढलं. मॉडेलं आम्ही होस्टेलच्या पलंगावर कटिंग मॅट टाकून सनबोर्डची करतो. बाहेरून करून आणलं तर "आउटसोर्स" म्हणून मार्क कापतात. पुण्याच्या मैत्रिणीच्या कॉलेजचे स्टुडिओ इन्स्टाग्रामवर पाहिले की रडू येतं. तिथल्या विद्यापीठात पहिल्या वर्षापासून पुन्हा प्रवेश घ्यावा असं वाटतं. बाबा संत्र्याच्या बागेवर कर्ज काढायला तयार आहेत. आई काही बोलत नाही. मशीनशिवाय डिझायनर होता येतं का?'

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा गॉगलच्या त्या ओळीपाशी थांबले. आधी त्याबद्दलच बोलते, म्हणजे पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून 'ताईंनी कॉलेजचीच बाजू घेतली' असं तुला वाटणार नाही. जे दाखवून फी घेतली ते वापरू न देणं ही फसवणूक आहे. तुमच्या डोळ्यांवर गॉगल चढवून तुम्हाला त्या फसवणुकीत उभं केलं, याचा मला जास्त राग आला. तुझी मागणी अवाजवी नाही. तुला रडू येतं यात कमीपणाचं काही नाही.

तरीही बागेवर कर्ज काढू नका, निदान या वर्षी तरी नको, असंच माझं मत आहे. का, ते सांगते.

तुझ्या कॉलेजात काय नाही, ते नीट बघ. लेसर कटर आहे. प्रिंटर आहेत. लाकूडकामाची बाकं आहेत, शिकंजे आहेत. नाहीत त्या दोनच गोष्टी : संध्याकाळी उघडं असलेलं दार आणि मशीनपाशी उभं राहणारा जाणता माणूस. तुझ्या तक्रारीचा सूर 'आमच्याकडे सुविधा नाहीत' असा आहे, पण तुझंच पत्र सांगतं की यंत्रं आली आहेत, त्यांचे तास आले नाहीत. हा फरक शब्दांचा नाही. यंत्र नसेल तर विद्यार्थी फारसं काही करू शकत नाहीत, त्याला लाखो रुपये लागतात. दार आणि माणूस मात्र मागून मिळू शकतात.

या दोन्ही गोष्टी फोटोत येत नाहीत. पुण्याच्या कॉलेजच्या फोटोतही येत नाहीत. तिथे शंभर मुलांमागे एकच कटर असेल आणि सबमिशनच्या आठवड्यात त्यावर नंबर लागायला चार दिवस जात असतील, किंवा रात्री बारापर्यंत वर्कशॉप गजबजलेलं असेल. मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. पाच-सहा लाख आणि आयुष्याची दोन वर्षं फोटोवर लावायची नसतात. एकदा तू फोटोवरच फसली आहेस.

तुझा दुसरा प्रश्न, मशीनशिवाय डिझायनर होता येतं का? याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, पण एक आठवण आहे.

मी शिकत होते तेव्हा आमच्या संस्थेतली लाकूड कापायची पट्टी-करवत (बँडसॉ) एका सुट्या भागासाठी बंद पडली आणि जवळपास सगळं सत्र बंदच राहिली. मला एक घडीचं स्टूल करायचं होतं. चिडून मी लकडगंजला एका सुतारमिस्त्रींकडे गेले. आरामशीनच्या रांगेमागे त्यांचं दहा बाय बाराचं दुकान होतं. ड्रॉइंग पुढे केलं, तर त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि माझ्या हातात पटाशी दिली. म्हणाले, धार लाव. अर्धा तास दगडावर घासली. त्यांनी ती दारातल्या उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "हे पाहा बाई, धारेवर पांढरी रेघ दिसून राहिली ना? उजेड परतून येते तिथून. म्हणजे बोथट आहे. धार असली की दिसत नाही." पुन्हा घासली. पुन्हा पांढरी रेघ, या वेळी फक्त डाव्या कोपऱ्यात. तीन दिवस मी एवढंच केलं. चौथ्या दिवशी रेघ नाहीशी झाली. मग त्यांनी सागाचा तुकडा उभ्या टोकाने शिकंज्यात बांधला. त्या टोकावरून पटाशी फिरवली तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यासारखी चीप निघाली आणि खालचा कापलेला भाग काचेसारखा चमकला.

स्टूल पुढे ठीकठाकच झालं. पण त्या तीन दिवसांनंतर मी ड्रॉइंगमध्ये सांधा काढताना कुठल्या बाजूने पटाशी घुसेल, लाकडाची रेषा उभी आहे की आडवी, याचा विचार आपोआप करू लागले. संस्थेतली करवत चालू असती तर मी लकडगंजला गेलेच नसते. म्हणून करवत बंद पडली ते बरं झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या वर्गातली जी मुलं अशी कुणाकडे गेली नाहीत, त्यांचं सत्र वायाच गेलं.

जर्मनीतल्या बाउहाउस या डिझाइनशाळेचं नाव तुमच्या इतिहासाच्या पेपरात असेलच. १९१९ साली वायमारमध्ये ती शाळा सुरू झाली तेव्हा युद्ध नुकतंच संपलं होतं आणि कार्यशाळा जवळपास रिकाम्या होत्या. विणकामाचा विभाग चालू शकला, कारण तिथल्या शिक्षिका हेलेन बर्नर यांचे स्वतःच्या मालकीचे माग होते. आणि तिथली जी पद्धत पुढे गाजली तीत प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत, एक आकाराचा विचार शिकवणारा कलावंत आणि दुसरा हातकाम शिकवणारा कारागीर. तुमच्याकडे पहिला गुरू आहे. दुसरा निवृत्त झाला आणि त्याची खुर्ची रिकामी ठेवली. तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

ती खुर्ची तूर्त शहरातून भरून काढता येते. नागपुरात राहून तू हे म्हणतेस याचं मला थोडं आश्चर्य वाटलं. लकडगंजला लाकूड आहे. हिंगणा एमआयडीसीत पत्रा वाकवणारे, लेथवर काम करणारे, पावडर कोटिंग करणारे छोटे कारखाने आहेत. महालात चितार ओळीत मूर्तिकार आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्याआधीचे दिवस त्या भागात घालव. बांबू आणि कागदाचा सांगाडा माणसाच्या कितीतरी पट उंच कसा उभा राहतो, मिरवणुकीत हेलकावे खाऊनही कसा टिकतो, हे पाहिलंस तर स्ट्रक्चरचा अख्खा धडा तिथे आहे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल तू लहानपणी ओढलेच असशील. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेलं ते खेळणं आता डिझायनरच्या नजरेने हातात घे. चाकं कुठे बसवली आहेत, मान वेगळी जोडली आहे की एकाच ठोकळ्यातून काढली आहे, पोराने दोरी तिरकी ओढली तर बैल कलंडतो का? आणि विणकाम हवं असेल तर गोळीबार चौक, पाचपावलीकडे जुन्या विणकर वस्त्या आहेत.

फक्त काही पथ्यं पाळ. कारागिराचा वेळ ही त्याची रोजी असते, म्हणून 'विद्यार्थिनी आहे' म्हणून फुकट शिकवा असं म्हणू नकोस. दिवसाचे पैसे आधी ठरव. नसतील तर त्याच्या कामात हात लाव, झाडलोट कर, पॉलिश पेपर मार. विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस. त्याचा नमुना तुझ्या पोर्टफोलिओत 'माझं डिझाइन' म्हणून घालू नकोस, त्याचं नाव आणि काम लिही. पहिल्या दिवशी मैत्रिणीला सोबत घेऊन जा. आणि उन्हाळ्यात जायचं तर सकाळी सातला जा, दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही.

'आउटसोर्स' म्हणून मार्क कापतात त्याबद्दल. इथे मला शिक्षकांचंही थोडं पटतं. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवून संध्याकाळी तयार मॉडेल उचलून आणलं, तर त्यात तुझं शिकणं कुठे आहे? पण दुकानात उभं राहून, तीन वेळा चुकून चौथ्यांदा जमवलेलं मॉडेल ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती दाखवायची जबाबदारी तुझी. फसलेले तुकडे फेकू नकोस. प्रत्येकावर तारीख टाक, काय बिघडलं ते मागे पेन्सिलने लिही आणि सबमिशनला टेबलावर ओळीने मांड. मी स्वतः ज्युरीत, म्हणजे सबमिशन तपासणाऱ्या परीक्षकांत, बसते, म्हणून सांगते, ती ओळ पाहिल्यावर सहसा कोणी 'बाहेरून आणलं का' असं विचारत नाही.

लेसर कटिंगचंही उदाहरण देते, कारण हा प्रश्न मला बरीच मुलं विचारतात. शहरात साइनबोर्ड करणारे बरेच जण आता लेसर ठेवतात आणि मिनिटाच्या हिशेबाने कापून देतात. त्यांच्याकडे फाइल बहुधा कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये लागते. जाण्याआधी अक्षरांचे कर्व्ह्ज कर, म्हणजे त्यांचं रूपांतर नुसत्या रेषांत कर, एकावर एक आलेल्या रेषा काढून टाक, नाहीतर किरण त्याच रेषेवर दोनदा फिरतो, कड जळते आणि मिनिटंही दुप्पट लागतात. तीन मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) म्हणून जो मिळतो तो तीन मिलिमीटर असेलच असं नाही. व्हर्निअरने मोजलास तर कधी २.७ भरतो, कधी ३.१. शिवाय किरण स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातो. म्हणून अख्खं मॉडेल कापायच्या आधी एक छोटी फणी काप, २.४ पासून ३.२ पर्यंतच्या खाचांची. ज्या खाचेत तुकडा बोटाने दाबून बसतो आणि उलटं धरलं तरी पडत नाही, ते तुझं माप. ही फणी नंतर कॉलेजच्या कटरवरही कामाला येईल. आणि पीव्हीसी किंवा रेक्झिन लेसरखाली कधीही घालू नकोस, दुकानदार हो म्हणाला तरी. त्यातून निघणारा क्लोरीनयुक्त वायू फुप्फुसालाही वाईट आणि मशीनलाही.

(प्रिंट केलेली मॉडेलं उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका, हे नागपूरकरांना वेगळं सांगावं लागतं. थ्रीडी प्रिंटरमधलं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, साधारण ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून तापतो. माझ्या एका विद्यार्थ्याचा दिवा ज्युरीच्या दारात पोहोचेपर्यंत मान टाकून बसला होता.)

पण हे सगळं करत असताना कॉलेजला मोकळं सोडायचं नाही. नाहीतर तुझ्या मागून येणारी मुलंही पलंगावरच सनबोर्ड कापत बसतील.

'आमच्याकडे सुविधा नाहीत' अशी तक्रार केलीस तर विभागप्रमुख मशीनची यादी पुढे करतील आणि विषय संपेल. म्हणून आधी तीन आठवडे एक वही ठेवा, वर्गातल्या सगळ्यांची मिळून. तारीख, वेळ, कुठलं मशीन हवं होतं, का मिळालं नाही. 'मंगळवार, साडेपाच, बँडसॉ, दार बंद.' 'गुरुवार, अकरा, प्रिंटर, फिलामेंट नाही.' अशा नोंदींचं पान समोर ठेवलं की त्यावर वाद घालणं अवघड जातं.

मग मागण्या छोट्या ठेवा. आठवड्यातून तीन संध्याकाळी आठपर्यंत वर्कशॉप उघडं हवं. निवृत्त झालेल्या काकांनाच या तीन संध्याकाळी मानधनावर बोलावता येतं का ते विचारा. मी हे दोन ठिकाणी होताना पाहिलं आहे आणि दोन्हीकडे ते काका आनंदाने आले. प्रत्येक मशीनची छोटी परीक्षा घ्या, जो पास होईल त्याचं नाव दारावरच्या यादीत लावा, आणि मशीनला हात फक्त त्याचाच लागेल असं ठरवा. हे तुम्ही स्वतःहून सुचवलंत तर प्रशासनाची खरी भीती कमी होते. ती भीती खोटी नाही. उद्या एखाद्या मुलीची ओढणी लेथमध्ये अडकली तर पोलीस त्यांच्या दारात येणार. म्हणून प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं सिलिंडर, लेसरचा धूर बाहेर नेणारा पंखा, केस बांधणं, चालत्या मशीनवर हातमोजे न घालणं, हे तुमच्याच पत्रात आधी लिहा. ज्यांना आपल्या बोटांची काळजी आहे त्यांच्या हातात किल्ली देणं सोपं जातं.

एवढं करूनही कोणी ऐकलं नाही तर यूजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे २०२३ चे नियम आहेत, ते खासगी विद्यापीठांनाही लागू आहेत. माहितीपुस्तिकेत खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती छापणं हे त्यात तक्रारीचं कारण म्हणून धरलेलं आहे. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती असावी लागते, तिने तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. माहितीपुस्तिकेची प्रत, फीच्या पावत्या आणि ती वही जपून ठेव. मात्र हा रस्ता एकटीने चालू नकोस. दहा-पंधरा सह्या असू देत, आणि पहिलं पत्र तक्रारीचं नको, विनंतीचंच असू दे.

आता पुण्याबद्दल. जायचंच असेल तर आधी बघून ये, आणि ओपन डेला जाऊ नकोस. सत्र संपायला आलेल्या एखाद्या साध्या बुधवारी संध्याकाळी सहानंतर मैत्रिणीबरोबर आत जा. वर्कशॉप उघडं आहे का? जमिनीवर भुसा आहे का? मशीनचं रजिस्टर मागून बघ, शेवटची नोंद कधीची आहे? इन्स्ट्रक्टरला नाव विचार आणि तो मुलांना नावाने हाक मारतो का ते ऐक. या चारही गोष्टी जमल्या तर ते चांगलं ठिकाण आहे, असं मी डोळे मिटून म्हणेन. तरीही दोन वर्षं मागे जाऊन पहिल्यापासून सुरुवात करायची का, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते नाही. इथली पदवी पूर्ण करून, त्या ओळीने मांडलेल्या फसलेल्या तुकड्यांचा पोर्टफोलिओ तयार ठेवून सीडच्या (CEED) परीक्षेला बस. ती आयआयटी मुंबई घेते आणि तिथून आयआयटींमधल्या डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची वाट उघडते. सरकारी संस्थांची वर्कशॉपं तुला तेव्हा वापरायला मिळतील, आणि तेव्हा तुझ्या हाताला काय करायचं ते माहीत असेल.

मी चुकत असेन असाही एक प्रसंग आहे. वही ठेवली, पत्र दिलं, सत्र संपलं तरी दार पाचलाच बंद होतंय, आणि शिक्षकही वर्गात येईनासे झाले, तर मग तिथे थांबण्यात अर्थ नाही. तेव्हा पुन्हा लिही, आपण कर्जाचा हिशेब एकत्र मांडू.

आई काही बोलत नाही असं तू लिहिलंस. तिला काहीतरी बोलायचं असणार. बागेचा हिशेब घरात बहुधा तीच ठेवत असेल. या आठवड्यात काटोलला जा आणि बाबा नसताना तिला विचार. आणि गेलीस की बागेत चक्कर मार. मृगाचा बहार असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी होईल. तोडणाऱ्या बाया फळ ओढून काढतात की कात्रीने देठ कापतात, झोळी कुठल्या खांद्यावर अडकवतात, शिडी वाकड्या जमिनीवर कशी टेकवतात, संध्याकाळी कंबर कुठे धरतात, हे वहीत काढ. पुढच्या सत्राच्या प्रकल्पाचा विषय तिथे सापडेल, आणि त्याचं पहिलं मॉडेल बांबू, गोणपाट आणि सुतळीने तुमच्या अंगणात होईल.

लकडगंजला जायच्या आधी पायात बूट घाल, चप्पल चालणार नाही. पटाशी विकत घ्यायची असेल तर एकच घे, पाऊण इंची, आणि धार लावून घेऊ नकोस, बोथटच आण.

तुझी,
ताई